लॅमिंग्टन रस्त्यावरील वैद्य

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडें चाललें कीं लॅमिंग्टन रस्ता लागतो. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें तें नांव. आतां तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे. रेडिओच्या सुट्या भागांसाठीं आमची पिढी येथें येई. आज मोबाईलचे वैद्य भेटतात.

दुकानें म्हणजे चटईएवढे गाळे. त्यांतील एका तरुण कारागिराच्या हातीं मीं माझा मृतवत् मोबाईल दिला. कंपनीच्या अधिकृत केंद्रानें आधींच निकाल दिला होता : सबंध बोर्ड बदलावा लागेल, आंतलें कांहीं उरणार नाहीं. आंत माझ्या दिवंगत कुटुंबानें नातीसाठीं म्हटलेल्या ओव्या होत्या.

त्यानें प्रथम उष्ण हवेनें मोबाईलची पाठ शेकली. डिंक सैल होतांच ती पातळ पात्यानें उचलली, बोर्ड सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, आणि मल्टिमीटरचीं टोकें तो ठिकठिकाणीं टेकवूं लागला. बोलणें नाहीं, घाई नाहीं. अखेर तिळाहूनही लहान असा एक कपॅसिटर सांपडला. आंतून बिघडून तो विजेला भलतीच आडवाट देत होता. तो काढून टाकतांच पडदा उजळला. ओव्या शाबूत होत्या. जीर्णोद्धाराचें पुण्य नव्या देवालयाहून अधिक असें आपण मानतों. मग हें काय निराळें?

वाचकहो, हा केवळ एका म्हाताऱ्याचा लोभ नव्हे. २०२२ सालीं जगांत विजेच्या उपकरणांचा ६.२ कोटी टन कचरा निघाला. त्यांतील चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आल्याची नोंद नाहीं. शिवाय मोबाईलमुळें होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वांटा तो आपल्या हातीं येण्यापूर्वींच, खाणींत व कारखान्यांत, घडून गेलेला असतो. जुनाच आणखी दोन वर्षें चालविणें, ही खरी काटकसर.

पण कांहीं कंपन्या आतां सुटे भाग मूळ यंत्राच्या क्रमांकाशीं बांधून टाकतात. परका पडदा बसविला कीं यंत्र कुरकुर करतें. भारत सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें, तें स्तुत्यच. या गाळ्यांतील माणसास मात्र हवा आहे बोर्डाचा नकाशा, आणि वाजवी किंमतींत अस्सल भाग. येथें सारें गोमटें आहे असेंही नाहीं. डाख देतांना निघणारा धूर कोंडून राहतो. फुगलेल्या बॅटऱ्या पायांशीं उघड्या डब्यांत पडलेल्या होत्या, त्या पाहून जीव धास्तावला.

शेजारीं अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा टाकाऊ बोर्डावर डाख द्यावयास शिकत होता. हात अजून कांपत होता. उस्ताद न बोलतां त्याचें मनगट धरून ठेवी.