दावत आणि दीक्षा

वस्तीत काम करताना मुस्लीम मित्र आम्हाला अधूनमधून इस्लामची 'दावत' देतात. दावत म्हणजे निमंत्रण, जबरदस्ती नव्हे. आम्ही ऐकतो आणि बुद्धधम्म का स्वीकारला तेही सांगतो. त्यात कुणाचाच धर्म बुडत नाही.

मग काहींच्या पोटात गोळा का येतो? १९८१ साली तामिळनाडूतील मीनाक्षीपुरममध्ये शेकडो दलितांनी इस्लाम स्वीकारला. ओरड करणाऱ्यांना लगेच 'आखाती पैसा' दिसला. गावातली अस्पृश्यता मात्र दिसली नाही.

संविधानाच्या कलम २५ ने धर्मप्रचाराचा हक्क सर्वांना दिला आहे. आज तो मुसलमानांचा गेला, तर उद्या १४ ऑक्टोबर १९५६ चा आपला वारसाही गुन्हा ठरेल.

दावत देणाऱ्यांनाही आमचा एक प्रश्न आहे. मशिदीत एका रांगेत उभे राहणारे अश्रफ आणि पसमांदा सोयरिकीच्या वेळी वेगळे का होतात?

बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती २१ वर्षांनी, सगळे धर्म तपासून. म्हणून निमंत्रण कुणाचेही असो, ऐका, प्रश्न विचारा, तपासा. आपले 'नाही' जितके आपले, तितकेच दुसऱ्याचे 'हो' त्याचे. त्या 'हो'वर घाला आला तर आपण त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

जयभीम!