बेटावरून बेटावर

आमच्या भागाला लोक 'राहू बेट' म्हणतात. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. मध्ये ऊस आणि गुऱ्हाळे. इथून मी मालदीवच्या खऱ्याखुऱ्या बेटावर सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला निघालो, तेव्हा अम्मीने एवढेच विचारले, "वहाँ तेरेकू बात करने आएगा क्या?"

तिची शंका रास्त होती. घरी दखनी, मदरशात अरबी, शाळेत मराठी. इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, माझ्या नंतर. एकदा वाचताना चुकलो आणि सारा वर्ग हसला. बी.एड. झालो तरी ते हसू कानातून गेले नव्हते.

मालदीवच्या शाळांत १९६० च्या दशकापासून इंग्रजी माध्यम रुजत गेले. मुलांच्या घरची भाषा मात्र दिवेही. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. पहिल्याच आठवड्यात मी नियम केला : वर्गात दिवेही बोलायचे नाही. मुले आपसांत काय बोलतात ते मला कळत नसे, त्याची मला धास्ती वाटे. आज हे कबूल करतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा तर बोलायचाच थांबला. काही विचारले की मान खाली. ती खाली गेलेली मान माझ्या ओळखीची होती.

एक दिवस मीच त्याला म्हटले, "तुझ्या भाषेतले आकडे मला शिकव." तो दबकत म्हणाला, "एके, दे, तिने..." मी फळ्यावर शेजारी आपले एक, दोन, तीन लिहिले. मग शब्द निघत गेले. पाण्याला ते फेन म्हणतात, माशाला मस, देशाला दिवेही राज्जे. मराठी आणि दिवेही एकाच घराण्यातल्या! माझे दिवेही उच्चार ऐकून वर्ग हसला. या वेळी मीही हसलो.

तेवढ्यात त्या मुलाने विचारले, "सर, युवर फादर फिशरमन?"

वाक्यात क्रियापद नव्हते. मी ते दुरुस्त केले नाही. आधी उत्तर दिले, "नो. फार्मर. शुगरकेन."

आता राहूत शेजारची मुले संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला येतात. "घरात मराठी बोलू नकोस, इंग्रजी बिघडेल," असे काही पालक त्यांना बजावतात. त्यांना माझे एकच सांगणे आहे : मूल चुकतमाकत इंग्रजीत काही विचारते, तेव्हा आधी त्याला उत्तर द्या. व्याकरण उद्या शिकवता येते.