दिलेले मूल

‘दत्तक’ हा शब्द ‘दत्त’पासून आला, दत्त म्हणजे दिलेला. बोलताना मात्र मराठी माणूस ‘दत्तक घेतला’ असे म्हणतो. ‘दत्तक दिला’ हे वाक्य क्वचित कानी पडते, आणि पडलेच तर हलक्या आवाजात. पेढे वाटले जातात ते घेणाऱ्याच्या दारात. देणाऱ्या घरात त्या संध्याकाळी चूल पेटली की नाही, हे पोथीत लिहिलेले नसते आणि फायलीतही नसते. देणाऱ्याची आठवण राहिली आहे ती एवढ्या एका शब्दात.

जुन्या शास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्यांची यादी आहे. पोटचा तो औरस; आईबापांनी आपण होऊन दुसऱ्याला दिला तो दत्त; त्यांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून आपला म्हटलेला तो अपविद्ध; आणि आईबाप गमावलेला किंवा त्यांनी विनाकारण टाकलेला जो स्वतःच कुणाच्या दारी जाऊन ‘मला मुलगा माना’ म्हणतो, तो स्वयंदत्त. यादी पुत्रांची आहे, मुलीला तिच्यात जागा नाही. घराला हवे होते पिंड देणारे हात आणि वतन सांभाळणारे नाव. लेकराला घर हवे असते, हा विचार त्या मांडणीच्या कडेलाच राहिला. पुढच्या निबंधकारांनी कलियुगाचे कारण सांगून बहुतेक दारे बंद केली. मुख्यतः औरस आणि दत्तक एवढेच उरले.

वर्धा जिल्ह्याची गोष्टच मुळी एका नाकारलेल्या दत्तकापासून सुरू होते. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. राजवाड्यातील स्त्रियांनी नात्यातला यशवंतराव हा मुलगा पुढे केला. डलहौसीच्या सरकारने वारस मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८५७ च्या उठावानंतर त्याच मुलाचे दत्तविधान इंग्रजांनी मान्य केले, जानोजी या नावाने त्याला देऊरच्या राजेपणाचा किताब दिला. राज्य काही परत दिले नाही. मग १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा वर्धा जिल्हा कापला गेला आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी सरळ रस्त्यांचे वर्धा शहर आखले गेले. कापसाच्या मुलुखाला आपली कचेरी मिळाली. ज्या मुलाला वेळेवर मांडीवर बसू दिले नाही, त्याच्या वाट्याच्या भूमीवर हा जिल्हा उभा आहे.

या नव्या गावात सीकरकडून आलेले शेठ बच्छराज बजाज यांनी पेढी वाढवली. पैसा आला, पण मुलगा रामधन तरुणपणीच वारला. घरात विधवा सून, देवघरात नंदादीप आणि वह्यांवर पुढचे नाव नाही. असे घर मूल शोधायला निघते तेव्हा त्याच्या पायांत घाई असते. राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात कनीराम आणि बिरदीबाई यांचा जमनालाल हा मुलगा होता. जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. हकीकत सांगतात ती अशी : शेठजींच्या पत्नी सदीबाई यांना तो मुलगा आवडला. पाहुणीचा मान म्हणून बिरदीबाई ‘तुमचाच आहे’ असे काहीसे बोलून गेल्या, आणि सदीबाईंनी तो शब्द धरून ठेवला. बोलण्यातला नम्रपणा वचन म्हणून परत आला. मुलाच्या बदल्यात पैसे घ्यायला आईवडील तयार नव्हते. गावासाठी विहीर खणून दिली गेली, असेही सांगतात. मुलाची किंमत होऊ शकत नाही आणि ते फुकटही देववत नाही, या दोहोंच्या मधली जागा त्या कोरड्या मुलखात पाण्याने भरली. १८९४ च्या सुमारास पाचेक वर्षांचा मुलगा वर्ध्यात आला. कागदोपत्री तो रामधनचा मुलगा, म्हणजे बच्छराजांचा नातू.

दत्तक आलेल्या मुलावर उपकाराचे ओझे असते आणि ते वाढत्या वयात बोचते. सतराव्या वर्षी, एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबा रागावले आणि दिलेल्या संपत्तीचा उच्चार झाला. जमनालालने कागदावर लिहून दिले की आपला या इस्टेटीवर काही हक्क नाही, आणि घर सोडले. आजोबांनी त्याला समजावून परत आणले. त्याने इस्टेट सोडली होती, नाते सोडले नव्हते. नेमकी हीच फोड दत्तकाच्या जुन्या कल्पनेत कुणी केली नव्हती.

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालाल एकतीस वर्षांचे होते, स्वतः बाप झालेले. त्यांनी गांधीजींकडे एक मागणे केले : मला तुमचा पाचवा मुलगा माना. हरिलाल, मणिलाल, रामदास, देवदास आणि मग हा. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत ते बसत नाही, कारण त्यांना कुणी टाकलेले नव्हते. तरी स्वयंदत्त शब्दाला इतके जवळचे उदाहरण सापडणे अवघड. ज्याला लहानपणी न विचारता दिले गेले, त्याने मोठेपणी स्वतःला देऊन पाहिले. गांधीजींनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून लिहिताना त्यांनी कबूल केले की या मुलाचा बाप होण्याची पात्रता आपल्यालाच मिळवायची आहे. दत्तकाच्या साऱ्या व्यवहारात मुलाची लायकी पाहिली जाते. इथे बापाने स्वतःची तपासली. पुढे मुलाच्या आग्रहाने बाप वर्ध्याला आला आणि १९३६ पासून शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे राहिला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालाल वर्ध्यातच वारले. बाप मागे राहिला.

अपविद्धांची आई याच जिल्ह्यातली. सिंधुताई सपकाळ यांचा जन्म पिंपरी मेघे येथे १४ नोव्हेंबर १९४८ रोजी झाला. त्यांनी शेकडो मुले वाढवली ती कुठल्याही दत्तकपत्राशिवाय. पोटच्या मुलीला मात्र पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवले, बाकीच्या लेकरांना दुजाभाव वाटू नये म्हणून. घेणारी आई देणारीही झाली, असे फार थोड्यांच्या आयुष्यात घडते.

कायदा १९५६ मध्ये बदलला. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. आता धर्म कोणताही असो, बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे मूल घेता येते. देशात दरवर्षी दत्तक जाणाऱ्यांत मुलींची संख्या मुलग्यांहून अधिक असते. हे शुभवर्तमान म्हणून सांगितले जाते खरे, पण मुली अधिक टाकल्या जातात, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

आज आर्वी-देवळीकडच्या एखाद्या जोडप्याने मूल घ्यायचे ठरवले तर पहिली पायरी ऑनलाइन नोंदणीची. पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचे प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, कुटुंबाचा फोटो. लग्नाला दोन वर्षे झालेली हवीत. दोन वर्षांच्या आतले मूल हवे असेल तर दोघांच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या आत हवी. मग समाजसेविका घरी येते. याला सगळे ‘होम स्टडी’च म्हणतात. ती संडास-पाण्याची सोय बघते, सासूबाईंना काय वाटते ते विचारते. डबे घासून लख्ख केलेले असतात, भिंतीला नुकताच चुना दिलेला असतो. नव्या घराची अशी परीक्षा शेठ बच्छराजांची कुणी घेतली नव्हती.

त्यानंतर वाट पाहणे. ज्येष्ठता यादीतला नंबर पुढे सरकायला वर्षे लागतात, कारण मागणारे फार आणि दत्तकासाठी कायद्याने मुक्त झालेली मुले थोडी. २०२४-२५ मध्ये देशभरात ४५१५ मुले दत्तक गेली. सोयाबीनचे पीक हाती येते, कापूस वेचून होतो, पुन्हा पेरणी येते आणि नंबर शंभराने सरकलेला दिसतो. शेजारणी विचारायच्या थांबतात. मग एखाद्या दुपारी मोबाइलवर फोटो आणि आरोग्याची माहिती येते. हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही कायद्याने लिहून ठेवला आहे. मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलण्यासाठी दोन महिने मिळतात. सापडलेल्या मुलाच्या आईबापांचा आधी शोध घेतला जातो. त्यानंतरच बालकल्याण समिती मूल मुक्त झाल्याचे जाहीर करते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी द्यावा, असा नियम आहे. जन्मदाखल्यावर नव्या आईवडिलांची नावे येतात आणि पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन मूल कसे आहे ते पाहून जाते.

काशी का बास कुठे आहे, हे जमनालालांना ठाऊक होते. आजच्या मुलाला अठरा वर्षांचे झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. सोपवणाऱ्या आईबापांची संमती नसेल, तर त्यांचे नाव मात्र त्याला सांगितले जात नाही.