पाच आवाजांची सांजप्रार्थना

मंगरूळपीर या गावाच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदर यांचा दर्गा व बिरबलनाथ महाराजांचे मंदिर एकाच गावी असल्यामुळे, दिवेलागणीस देवाला निरनिराळ्या भाषांत हाक मारतात हे तेथील मुलांस मुद्दाम शिकवावे लागत नाही. आमच्याही घरी त्या वेळी परवचा व रामरक्षा होते. दिवाळीनंतर आम्ही मंडळी गोव्यास गेलो, तेव्हा या नित्यपाठाचे एक दूरचे भावंड आम्हांस भेटले.

साष्टीतील राशोल ऊर्फ रायतूर येथे फादर टॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. हे मूळचे इंग्लंडचे. १५७५ साली रोमला जेझुइट संघात शिरले व १५७९ साली गोव्यास आले. त्याच १५७५ साली लंडनला टॉमस टॅलिस व विल्यम बर्ड यांचा लॅटिन गीतसंग्रह निघाला. त्यात निजण्यापूर्वी म्हणावयाच्या ‘ते लूचिस आन्ते तेर्मिनुम’ या स्तोत्रासाठी टॅलिसने बांधलेल्या दोन रचना आहेत. मडगावी एका स्नेह्यांकडे त्या आम्ही ध्वनिमुद्रिकेवर ऐकल्या.

स्तोत्र अवघ्या तीन कडव्यांचे. उजेड सरण्यापूर्वी परमेश्वराने आमचे रक्षण करावे, दुष्ट स्वप्ने व रात्रीचे भास दूर राहावेत, एवढेच मागणे. रामरक्षा म्हणून निजणाऱ्या मुलास ते समजावून सांगण्याची गरज नाही! पहिले व तिसरे कडवे सर्वजण एकाच सुरात, वाद्यावाचून म्हणतात. मधले मात्र पाच आवाजांत; शब्द तेच, पण कोणी उंच तर कोणी खर्जात, प्रत्येकाची वाट निराळी. रागदारीस सरावलेल्या आमच्या कानांस प्रथम तो गलबलाच वाटला. दुसऱ्या खेपेस एका खर्जाच्याच मागे कान लावून बसलो, तेव्हा इतर चार आवाज त्याच्यावर कसे उभे आहेत ते उमगले. कडवी अशी आलटूनपालटून गाण्याची रीत जुनीच. तथापि दुःस्वप्नांच्या कडव्यालाच सारे आवाज एकत्र यावेत, हे आम्हांस फार समर्पक वाटले.

नवल असे की, इंग्लंडातील देवळांतून ही रात्रीची उपासना १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने आधीच काढून टाकली होती. गोव्यात लॅटिन गायन पुष्कळ टिकले. चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांस स्वरलिपी शिकवीत. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मात्र तेथेही कोंकणी प्रार्थना आली, आणि ती लोकांस समजते हे चांगलेच झाले.

स्नेह्यांचे वृद्ध वडील लहानपणी फेस्ताच्या आदल्या सायंकाळी लॅटिन स्तोत्रे गात. खर्जाची ओळ त्यांस अद्याप पाठ आहे. आम्ही आग्रह केला, तेव्हा ते हसून म्हणाले, “तुमची रामरक्षा एकट्यानेही पुरी होते. माझी ही ओळ एकट्याने म्हटली तर चाल कोणती तेच कळत नाही. वरचे आवाज म्हणणारे सोबती आता कोठून आणू?”