पेटीतला माल

मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून ज्याचं घर आहे, त्याला कुठल्याही वस्तूवरची छापील किंमत खरी वाटत नाही. गुलटेकडीला राहायला येऊन आम्हाला आता पुष्कळ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकलो. पहाटे पाचला जी कोथिंबीर शेकड्याच्या भावाने तोऱ्यात विकली जाते, तीच दहा वाजता गाईपुढे पडलेली असते. तिच्यावर कुणी किंमत छापली असती, तर गाईने तीही खाल्ली असती. यार्डात भाव मालाला नसतो, वेळेला असतो. हे तिथल्या हमालापासून आडत्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मी रोडवर मात्र ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

हे सांगायचं कारण असं, की टेलिव्हिजनचा कार्यक्रम ही मुळात पालेभाजी आहे. १९७२ मध्ये मुंबईला दूरदर्शन आलं आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावरून ते पुण्यात दिसायला लागलं. तेव्हापासून नियम एकच: लागला तेव्हा पाहिलात तर पाहिलात. चुकला, तर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून ऐकायचा. आणि शेजारी शेवट आधी सांगतो. मग हे डिजिटल रेकॉर्डर आले. पालेभाजीचं भुसार करणारं यंत्र! आजची मेथी आज आणा, आणि पुढल्या महिन्यात सवड झाली की निवडायला घ्या.

२००८ मध्ये टाटा स्काय प्लस नावाची अशी पेटी बाजारात आली. किंमत ८,९९९ रुपये. नऊ हजार म्हटलं तर गिऱ्हाईक घेणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. आम्ही ८,९९९ लाही घेतली नाही, तो भाग वेगळा. तिच्यात ४५ तासांचे कार्यक्रम साठवता येत. शिवाय चालू कार्यक्रम मध्येच थांबवता येई. म्हणजे गोलंदाज धावत यायला लागला, की त्याला तसाच एका पायावर उभा करून आपण चहा टाकून यायचं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आकडा दिसला की माझे हात शिवशिवतात. आमच्या घरी त्या काळात ‘चार दिवस सासूचे’ चालू होती. २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१३ मध्ये संपली, तेव्हा तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले होते. अर्ध्या तासाचा एक भाग धरला तर पंधराशे तास. पेटीत मावतात पंचेचाळीस. म्हणजे पेट्या लागल्या चौतीस. ८,९९९ च्या भावाने रक्कम झाली तीन लाख पाच हजार नऊशे सहासष्ट. सासूचे दिवस चार आणि पेट्या चौतीस!

“जाहिराती गाळल्या तर?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

“पंचवीस.”

“आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, ते गाळले तर?”

“मग एका पेटीत बसेल,” मी म्हणालो, “आणि वर मॅचला जागा उरेल.”

वास्तविक या यंत्राची किंमत रुपयांत सांगणं हीच गफलत आहे. ज्याच्याकडे रिकामा वेळ भरपूर आहे, त्याला ते फुकट दिलं तरी महाग. माझंच घ्या. मी दिवसभर घरी. रात्रीचा भाग चुकला तर तोच दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात, आणि तोही चुकला तर काही बिघडत नाही, कारण पुढच्या भागात पहिली पाच मिनिटं मागचंच असतं. मला रेकॉर्डर कशाला? तो ज्याची वेळ स्वतःच्या मालकीची नाही त्याच्यासाठी आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला होता. घरच्या घरी कार्यक्रम टेप करून मागाहून पाहणं हा गुन्हा आहे की काय, असा सिनेमावाल्यांचा सवाल होता. न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की गुन्हा नाही, माणूस फक्त वेळ सरकवतो आहे. चार न्यायमूर्तींना ते पटलं नाही. त्यांना बहुधा रात्री लवकर झोपायची सवय नसावी.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांना होती. अण्णा कांदा-बटाट्याचे आडते. यार्डात गाळा. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून गाळ्यावर जायचे आणि रात्री आठला झोपायचे. त्यामुळे अण्णांना प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात माहीत होती आणि शेवट एकाचाही माहीत नव्हता. शनिवारी यार्ड बंद, म्हणून शुक्रवारची रात्र तेवढी त्यांची. रविवार तर सगळ्यात जास्त आवकेचा दिवस. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, तेही रविवारी सकाळी! अख्खं पुणं हात जोडून टीव्हीपुढे बसलेलं आणि अण्णा गाड्या खाली करून घेताहेत. “साहेब, वनवास रामाला नव्हता, मला होता,” असं ते म्हणायचे. पुढे ‘महाभारत’ लागलं, तेही रविवारीच.

३१ मार्च २०१३ च्या आत पुण्यातल्या केबलवाल्या घरांना डिजिटल पेटी बसवून घेणं भाग होतं. अण्णा म्हणाले, पेटी घ्यायचीच आहे तर रेकॉर्ड करणारी घेऊ. विकायला एक टाय घातलेला पोरगा आला. अण्णांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची ही जुनी रीत. आता ती गेली. पण अण्णांची बोटं जुनीच होती. पोरगं दचकून उठलंच. मी मध्ये पडून सांगितलं, की घाबरू नकोस, ते फक्त पाचशे कमी कर म्हणताहेत.

मग त्याने दरपत्रक काढलं. पेटीचे वेगळे, छत्रीचे वेगळे, बसवायचे वेगळे, महिन्याचे वेगळे, आणि पेटीला रेकॉर्ड करायची परवानगी मिळावी म्हणून आणखी वेगळे. अण्णांनी चष्मा लावून ते शेतकऱ्याची पट्टी वाचावी तसं वाचलं. “ही हमाली. ही तोलाई. ही वाराई. आणि शेवटची ही आडत. हो ना रे?” पोराने मान डोलावली. त्याला एकही शब्द कळला नव्हता, पण हिशेब बरोबर होता. पुढे २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. तेव्हा अण्णा मला म्हणाले, “टीव्हीवाल्यांनी हे कधीच केलंय.”

पण घेतली पेटी. आणि मी त्या माणसाला पहिल्यांदा टेलिव्हिजनचं सुख घेताना पाहिलं. दुपारी एकला गाळ्यावरून यायचे, जेवायचे, आणि पडदे ओढून आदल्या रात्रीचा माल काढायचे. कीर्तन, कुस्ती, नाटक, बातम्या. कालच्या बातम्या आज दुपारी पाहून “अरेरे!” म्हणणारा तो पुण्यातला एकमेव माणूस असेल. “हे कोल्ड स्टोअरेज आहे साहेब,” ते सांगायचे. “फक्त नियम ध्यानात ठेवायचा. बटाटा ठेवावा, पण भाडं बटाट्याच्या वर जायला लागलं की काढून मोकळं व्हावं.”

२०१५ च्या दसऱ्याला वहिनी गाळ्याच्या काट्याच्या पूजेसाठी झेंडू आणायला फुलबाजारात गेल्या. दसऱ्याला तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं वार्ताहर हटकून असतात. एकाने वहिनींच्या तोंडापुढे माइक धरला. रात्रीच्या बातम्यांत अकरा सेकंद वहिनी दिसल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि तोफ सुटल्यासारखा आवाज: “शंभर रुपये किलो झेंडू? नुसते लुटायला बसलेत हे व्यापारी!”

अण्णा अर्थातच झोपलेले होते. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर जाईपर्यंत अण्णांना पत्ता नाही; पण बाकी यार्डाला होता. दिवाणजीसुद्धा “काय अण्णा, लुटायला बसायचं ना?” म्हणून विचारायला लागले. दुपारी घरी येऊन त्यांनी पेटी लावली, अकरा सेकंद पाहिली, परत पाहिली, आणि वहिनींना म्हणाले, “तुला कुणी विचारलं होतं?” वहिनी म्हणाल्या, “त्यानं विचारलं की.”

२०१८ मध्ये वहिनी गेल्या.

आता या पेट्यांची एक गंमत सांगतो. पूर्वीची व्हिडिओ कॅसेट निदान आपली असे. ती शेजाऱ्याला देता येई, त्याच्याकडून हरवता येई. डिजिटल पेटीतला कार्यक्रम पेटीबाहेर निघत नाही. त्याला आतून कुलूप असतं आणि किल्ली कंपनीकडे. महिन्याचे पैसे बंद झाले की पेटी असते, माल असतो, दिसत मात्र नाही. अमेरिकेत १९९९ साली टिव्हो नावाचा रेकॉर्डर निघाला. त्याची १९९ डॉलर भरून आजीव वर्गणी मिळे. यातलं ‘आजीव’ हे यंत्राच्या आयुष्याला धरून होतं, गिऱ्हाइकाच्या नव्हे. म्हणजे यंत्र मेलं की आपण जिवंत असलो तरी वर्गणी संपली. २०२५ मध्ये त्या कंपनीने रेकॉर्डर विकणंही थांबवलं.

शिवाय पेटी भरली की नवा माल जुन्याला खालून ढकलून देतो. सूनबाईंनी ती बातमी राखून ठेवायची खूण केली होती, तरी अण्णांचा खुणेवर विश्वास नाही. त्यांनी रेकॉर्ड करणंच सोडलं. कीर्तन बंद, कुस्ती बंद. कित्येक तास मावतील एवढ्या वखारीत अकरा सेकंदांचा माल.

मुलाने हॉलमध्ये नवा मोठा टीव्ही आणला, त्याला नवी पेटी आली. जुनी अण्णांच्या खोलीत गेली. २०१९ मध्ये चॅनेल निवडून पैसे भरायचा नियम आला, तेव्हा अण्णांनी तिच्यावरची सगळी पैशाची चॅनेलं काढून टाकली. शंभर चॅनेलांची मूळ फी १३० रुपये, वर कर धरून १५३ रुपये ४० पैसे. मी माझ्या सवयीने हिशेब केला. अकरा सेकंदांना महिना एवढे, म्हणजे सेकंदाला चौदा रुपयांच्या आसपास. केशर पडेल इतक्या भावात. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “रोज बघितलं की स्वस्त पडतं.”

कंपनीच्या मुलीचे फोन येतात. एकदा मी समोरच होतो. सर, तुमचा बॉक्स खूप जुना आहे, आम्ही नवीन फ्री देतोय. “आणि यातला माल?” अण्णांनी विचारलं. तो ट्रान्स्फर होत नाही सर. “मग जुन्याचे काय देणार?” जुन्याचे काहीच नाही सर. अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की समोरच्याला बाजाराची अक्कल नाही.

नातवाने एक युक्ती केली. टीव्हीसमोर मोबाइल धरून त्या अकरा सेकंदांची फिल्म काढली. त्यात वहिनींच्या कपाळावर ट्यूबलाइट चमकते, मागे पंखा घरघरतो, आणि नेमका ‘लुटायला’ या शब्दावर स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो. अण्णांनी ती पाहिली, मोबाइल परत केला आणि म्हणाले, “नमुना ठीक आहे.” यार्डात याचा अर्थ माल नको असा होतो.

एप्रिल २०२० मध्ये यार्डही बंद होतं आणि दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागलं होतं. तेहतीस वर्षांनी अण्णांनी ते हॉलमधल्या टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ पाहिलं, आणि शेवटही पाहिला. रेकॉर्ड करून ठेवू का, म्हणून सूनबाईंनी विचारलं. नको म्हणाले, जागा नाही.

परवा दुपारी सोसायटीच्या पाण्याच्या बिलासाठी मी वर गेलो. दार उघडंच होतं. खोलीतून पेटीची घरघर ऐकू येत होती. तिच्या आतली तबकडी आता म्हाताऱ्यासारखी दम घेत फिरते. अण्णा पलंगावर बसून, रिमोट पुढे धरून, बातम्या पळवत होते. सतराव्या मिनिटाला थांबले. वहिनी पदर सावरून व्यापाऱ्यांवर तुटून पडल्या.

“अगं, आदल्या रात्री पाऊस झाला होता,” अण्णा तिला समजावून सांगत होते. “माल भिजला. आवकच नव्हती, तर भाव कसा उतरंल?”

आणि त्यांनी पुन्हा मागे घेतलं.