पुरेसा आवाज

एखादी गोष्ट समोरच्यापर्यंत पोचत नाही असे दिसले की ती अधिक मोठ्याने सांगावी, हा उपाय आपल्याला सर्वप्रथम सुचतो. आम्ही शिकवणारी माणसे तर या उपायाच्या आहारीच गेलेलो असतो. मागच्या बाकावरचा विद्यार्थी शून्यात पाहू लागला की आमचा स्वर आपोआप चढतो. त्याला ऐकू येत नाही, की कळत नाही, की ऐकायचेच नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत याचे भान त्या क्षणी राहत नाही. स्मार्टफोनला हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा की नाही, हा वरवर पाहता निव्वळ खरेदीचा प्रश्न आमच्या घरात निघाला, तेव्हा मला त्यात हेच तीन प्रश्न दिसू लागले.

माझे माहेर पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना लागणाऱ्या शिरढोणचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका हा त्यांचा आयुष्यभराचा विसावा आहे. भाच्याने त्या साऱ्या त्यांच्या फोनमध्ये भरून दिल्या आणि स्वतःचा, बऱ्यापैकी महागाचा हेडफोनही दिला. पण अण्णांची तक्रार सुरू झाली : ‘‘आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. शब्द लागत नाहीत.’’ भाच्याचे निदान तयार होते. ‘‘आत्या, फोनमध्ये तेवढा दमच नाही. याला बाहेरून ॲम्प लावायला हवा.’’ आणि काही हजारांची एक डबी त्याने हेरूनही ठेवली होती.

ॲम्प्लिफायरला आपल्या परिभाषेत ‘प्रवर्धक’ असा भारदस्त शब्द आहे. तो प्रत्येक फोनसोबत कुठे ना कुठे असतोच. फोनमधले गाणे म्हणजे आकड्यांची रांग. त्या आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारी एक चकती आणि त्या लहरींना हेडफोन हलवण्याइतके बळ देणारा एक छोटा प्रवर्धक, एवढे पुरते. फोनला गोल खाच असेल तर हे दोन्ही फोनच्या पोटात असतात. खाच नसेल तर जोडणीच्या त्या बोटभर वायरीत असतात. आणि बिनतारी हेडफोनमध्ये ते हेडफोनच्याच आत असतात, म्हणजे तिथे बाहेरच्या डबीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा खरा प्रश्न ‘प्रवर्धक हवा का’ हा नसून ‘आहे तो अपुरा आहे का’ हा आहे.

याचे उत्तर मतांवर सोडण्याचे कारण नाही; ते हिशेबाने मिळते. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात : विद्युतप्रवाहाला होणारा विरोध ओहममध्ये आणि एका मिलिवॉटला किती डेसिबल आवाज निघतो ती संवेदनशीलता. भाच्याचा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे हट्टी जातीतला; संवेदनशीलता ९७ डेसिबल. फोनची जोडणी १ व्होल्ट देत असेल तर अशा हेडफोनला साधारण ३.३ मिलिवॉट मिळतात आणि आवाज १०२ डेसिबलपर्यंत चढतो. अर्धाच व्होल्ट मिळाला तरी ९६. ही झाली शिखरे. गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा १५-२० डेसिबलनी खाली धरली, तरी १ व्होल्टवर ती ८२ ते ८७ भरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. अण्णा रोज तीन-चार तास ऐकतात. फोनमध्ये दम नाही हे खरे नव्हते. त्यांच्या कानांना सोसेल त्याहून अधिक दम त्यात आधीच होता.

प्रवर्धकाची बाजू दुबळी आहे असे नाही. फोन पूर्ण चढवूनही आवाज कमी पडत असेल, चढत्या आवाजात तान फाटत असेल, किंवा अगदी नाजूक कर्णिकांत गाणे थांबल्यावरही सळसळ ऐकू येत असेल, तर बाहेरची डबी कामी येते. प्रवर्धकाचा स्वतःचा अंतर्गत विरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त असला तर काही हेडफोनांचा स्वभावच पालटतो. तिथेही ती उपयोगी. आमच्याकडे यातले काहीच नव्हते. उलट भाच्याचा हेडफोन पाठीमागून उघड्या जाळीचा, आणि घर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. ट्रकांची घरघर सरळ कानात येई आणि तिच्यावर मात करायला अण्णा आवाज वाढवत. कान झाकणारा बंदिस्त, साधा हेडफोन आणल्यावर तोच फोन निम्म्यावर पुरू लागला.

तरी ‘शब्द लागत नाहीत’ ही तक्रार उरलीच. तिचा एक धागा खुद्द ध्वनिमुद्रणापर्यंत जातो. खाँसाहेबांची सुरुवातीची मुद्रणे १९०५ च्या सुमाराची, म्हणजे कर्ण्यात गाऊन केलेली. त्या तंत्रात वरचे ध्वनी जवळजवळ उतरतच नसत. १९२५ नंतर विजेवरचे मुद्रण आले आणि खाँसाहेबांच्या अखेरच्या, १९३७ पूर्वीच्या काही वर्षांतली मुद्रणे त्यामुळे पुष्कळ सुस्पष्ट झाली. तरी त्यांनाही वरची मर्यादा आहेच. अशा तबकडीला जोर दिला की गाण्याबरोबर खरखरही तेवढीच वाढते. प्रवर्धकाला पक्षपात ठाऊक नाही.

शिरढोणच्या माणसाला हे वेगळ्या रीतीने जाणवावे. वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये आमच्याच गावात जन्मले. पुण्यात ते थाळी वाजवत फिरून स्वतःच्या व्याख्यानांची दवंडी स्वतः देत, असे त्यांची चरित्रे सांगतात. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा आणि फडक्यांचे बंड १८७९ चे. काळ तसा एकच. पण १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात तो आवाज थांबला तो कुठल्याही तबकडीवर न उतरता. जे मुद्रितच झाले नाही ते कोणताही प्रवर्धक मोठे करू शकत नाही.

दुसरा धागा श्रोत्यापर्यंत जातो, आणि तोच मला महत्त्वाचा वाटला. वर्षभर अण्णा घरातल्या गप्पांतून मध्येच उठून जाऊ लागले होते. नातवंडे मोठ्याने बोलली तर म्हणत, ‘‘ओरडू नका रे, नीट बोला.’’ आम्ही ते वयाच्या चिडचिडीत जमा केले होते. हेडफोनच्या निमित्ताने पनवेलला त्यांची श्रवणचाचणी झाली. आलेख सुरुवातीला जवळजवळ सपाट, आणि ३००० हर्ट्झच्या पुढे कड्यासारखा कोसळणारा. वार्धक्यात कानाचा ऱ्हास बहुधा असाच, वरच्या ध्वनींपासून सुरू होतो. स्वरांचे बळ खालच्या पट्ट्यात असते; ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख पटवणारा अंश वरच्या.

मराठीच्या अध्यापकाला यावर थांबावेच लागते. आपल्या भाषेत ‘स्वर’ हा शब्द गाण्यालाही चालतो आणि वर्णमालेलाही. अण्णांना दोन्ही अर्थांनी स्वर ऐकू येत होते. हरवली होती ती व्यंजने. आणि व्यंजन म्हणजे धातूच्या अर्थानेच ‘प्रकट करणारे’. खाँसाहेबांचा षड्ज त्यांच्यापर्यंत अखंड पोचत होता, नातीचा प्रश्न मात्र पोचत नव्हता. अशा कानाला सगळेच सारखे मोठे करून ऐकवणारी डबी दिली असती, तर खालचे ध्वनी असह्य झाले असते आणि वरचे तरीही धूसरच राहिले असते. शिवाय तेवढ्याने भागते आहे असे वाटून चाचणी आणखी दोन-चार वर्षे लांबली असती, ही गोष्ट वेगळीच.

आम्ही डबी घेतली नाही. अण्णांना श्रवणयंत्र आले; ते आलेख पाहून जिथे उणे आहे तिथेच भर घालते. फोनमध्येही वरची पट्टी थोडी उचलून दिली आहे. सगळे परत आले असे नाही. जी व्यंजने मुळात मुद्रणातच नाहीत ती अण्णा स्मरणाने भरून घेतात, आणि मला वाटते पहिल्यापासूनच घेत असावेत.

साहित्याच्या वर्गातही स्रोत, वाहक आणि श्रोता अशी तीन ठाणी असतात. कविता मुळातच पुसट आहे, की आमचे विवरण मध्ये घरघर करते आहे, की समोरच्या मुलाच्या अनुभवाची एखादी पट्टी अजून उघडलेली नाही, हे तपासल्यावाचून भाष्याचा आवाज चढवण्यात हशील नाही. अण्णा अलीकडे गप्पांतून उठून जात नाहीत. परवा नात काहीतरी पुटपुटली, त्यावर ते हसले, आणि तिला वाक्य पुन्हा सांगावे लागले नाही.