चंद्रकांतेला कुणी विचारले?

फराळाचे ताट शेजारी आणि हातात देवकीनंदन खत्रींची १८८८ सालची हिंदी ‘चंद्रकांता’, याहून मोठे दिवाळसुख मला ठाऊक नाही! ऐयारांची सोंगे, तिलिस्मातले चोरदरवाजे, शत्रूला हुंगवायची बेहोशीची पूड. चकल्या कधी संपल्या ते कळतसुद्धा नाही.

पण खलनायक आले की माझा घास अडतो. वजिराच्या मुलाला, क्रूरसिंहाला, चंद्रकांता हवी. चुनारच्या राजा शिवदत्तालाही हवी. तिच्या मनात वीरेंद्रसिंह आहे, याची दोघांनाही पर्वा नाही. नावातच क्रौर्य असलेला माणूस ओळखणे सोपे असते. मुलीचा होकार गृहीत धरणारी माणसे मात्र चांगली नावे घेऊन आपल्यात वावरतात.

राजकुमारी मला प्रिय आहे, कारण तिने आपला वर आपल्या मनाने निवडला. पण तिलिस्मात अडकल्यावर ती बराच काळ दिसेनाशीच होते, तेव्हा मी चिडते. शेवटी उलगडते, की वीरेंद्राला भेटणारी ती गूढ वनकन्या म्हणजे तीच! मी खूश होते. आणि लगेच वाटते, त्या बिचाऱ्यालाही हिने कुठे खरे सांगितले होते?

हल्ली आमच्या मुलीला स्थळे येऊ लागली आहेत. “मुलगा चांगला, पत्रिका जुळते, आता तिला काय विचारायचे?” असे परवा घरात कुणीतरी म्हणाले. म्हणून यंदा ‘चंद्रकांता’ मी मुलीच्या आधी तिच्या वडिलांच्या हाती ठेवणार आहे.